लांबच्या प्रवासात कॅम्परचं डिझेल नेमकं कुठे जातं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली सेकंडहँड कॅम्पर घेतलीत. विकणाऱ्याने लिटरला बारा किलोमीटर सांगितलं होतं, फोंड्याहून गोव्याच्या दक्षिण सीमेवरच्या पोळे गावापर्यंत जाऊन आलात तर आठच पडलं. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की वहिनींना घेऊन कन्याकुमारीला निघायचं आहे, अनमोड घाटाने चढून पठारावरून जायचं आणि किनाऱ्याने परत यायचं. इंजिन खराब आहे का, उतारावर न्यूट्रल केलं तर चालतं का, टाकी अर्धीच ठेवावी का आणि एसीचं काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी डिचोलीचा. सत्तावीस वर्षं गाडी चालवतोय. त्यातली बहुतेक पर्यटकांच्या टेम्पो ट्रॅव्हलरवर गेली आणि गेली आठ वर्षं स्वतःची कॅम्पर आहे. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून इंजिनात दोष असेल असं मला वाटत नाही. काळा धूर नाही, ओढ कमी नाही, ऑइल कमी होत नाही. कॅम्परच्या वजनाला आणि उंचीला लिटरला बारा हा आकडा मात्र विसरा. दहा ते अकरा नीट चालवून मिळायला हवेत. जाऊन-येऊन तुमचे अडीच हजार किलोमीटर तरी होतील. आठने धरलं तर ३१२ लिटर लागतात, साडेदहाने २३८. मधला फरक म्हणजे तुमच्या गाडीची एक भरलेली टाकी. तेवढी वाचवणं हातात आहे, आणि त्यासाठी गॅरेजमध्ये एक रुपयाही घालवायची गरज नाही.

आधी मोजमाप. फोंडा ते पोळे हा रस्ता अ‍ॅव्हरेज काढायला अगदीच गैरसोयीचा. बोरीचा पूल, मडगावची गर्दी, कुंकळ्ळीचा बाजार, मग करमल घाट, आणि परत येताना हे सगळं पुन्हा. शिवाय जेमतेम १७० किलोमीटरचा हिशेब. एवढ्या अंतराला वीस-एकवीस लिटर लागतात. पंपावरच्या मुलाने एकदा पहिल्या कटला, म्हणजे नळी आपोआप बंद होते तिथे, थांबवलं आणि दुसऱ्यांदा राउंड फिगर करायला दोन लिटर वर ढकलले, की तुमचा आठ लगेच नऊ होतो किंवा नऊचा आठ. म्हणून एकाच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, पहिल्या ऑटोकटला थांबवून टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, आणि दोन टाक्यांचा हिशेब झाल्याशिवाय आकडा खरा मानू नका. मापाबद्दल शंका आली तर पंपावर ५ लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवणं बंधनकारक असतं, त्यातून मोजून दाखवा असं सरळ सांगा. तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

आणखी एक तपासा. आधीच्या मालकाने टायर बदलताना मूळ साइजपेक्षा मोठे घातले असतील तर ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो आणि अ‍ॅव्हरेज उगाच पडलेलं दिसतं. मोबाइलचं जीपीएस लावून वेर्णा ते कुठ्ठाळी एकदा जाऊन बघा. दोन्ही अंतरं जुळली तर हा विषय संपला.

आता मुख्य गोष्ट. डिझेल सर्वांत जास्त कुठे वाया जातं असं विचारलं तर माझं उत्तर नेहमी एकच असतं: ब्रेकमध्ये. हे ऐकायला विचित्र वाटतं, कारण डिझेल तर एक्सलेटर दाबल्यावर जळतं. पण बघा, साडेतीन टनांची गाडी शून्यावरून ६० ला नेण्यात चाळीस मिलीलिटरच्या आसपास डिझेल जातं. इतर काही धरलं नाही, फक्त तो वेग अंगात आणायला. खोकल्याच्या औषधाची चार झाकणं समजा. पुढे एखादी म्हैस आडवी आली, कोणी न बघता रस्त्यावर आला आणि तुम्ही ब्रेक मारून थांबलात, की ती चार झाकणं ब्रेकपॅडमध्ये उष्णता होऊन उडून गेली. पंचवीस वेळा असं थांबलात की एक लिटर संपला, आणि तुम्ही त्या लिटरने एक इंचही पुढे गेलेला नसता. ८० वरून थांबलात तर सत्तर मिलीच्या पुढे.

म्हणून मी शिकाऊ मुलांना गाडी शिकवताना एक्सलेटरबद्दल फार बोलत नाही, नजरेबद्दल बोलतो. पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर नजर ठेवणारा माणूस डिझेल जाळतो. त्या गाडीच्या पलीकडची तिसरी-चौथी गाडी, बसस्टॉपवर थांबलेली कदंबची बस, लांबवर दिसणारा गतिरोधकाचा पांढरा पट्टा, हे ज्याला तीनशे मीटर आधी दिसतं तो नुसता पाय सोडतो. गाडी गिअरमध्येच, आपोआप मंदावत जाते, आणि गतिरोधकाशी पोचेपर्यंत ब्रेकला फक्त शेवटचा स्पर्श लागतो. सिग्नल लाल दिसला तर त्याच्यापर्यंत पळत जाऊन काय मिळणार? सावकाश गेलात तर कित्येकदा तुम्ही पोचेपर्यंत तो हिरवा होतो, आणि २० च्या वेगाने चालती गाडी पुन्हा उचलायला शून्यावरच्या गाडीपेक्षा किती कमी लागतं ते पायालाच कळतं.

कॅम्परमध्ये याचं मोजमाप करणारं यंत्र फुकट बसवलेलं असतं. आमच्या कॅम्परच्या मागच्या ओट्याखाली स्टीलचे डबे आहेत, तांदूळ, पोहे, तिखट, आणि त्यातला साखरेचा डबा जरा सैल बसतो. मी नीट चालवत असलो तर तासन्तास त्याचा आवाज येत नाही. ब्रेक जोरात लागला की तो पुढे सरकून कपाटाच्या पट्टीवर आदळतो, ‘ठक्’. आमच्या घरातली बाईमाणसं तेवढ्या आवाजावरून ओळखतात की माझं लक्ष रस्त्यावर नाही, गप्पांत आहे. तुम्हीही एक डबा मुद्दाम सैल ठेवा. पहिल्या दिवशी किती वेळा आदळला ते वहिनींना मोजायला सांगा, आठवड्याने पुन्हा मोजा.

पुढच्या गाडीपासून अंतर ठेवण्यामागेही हेच कारण आहे. ट्रकच्या मागे चिकटून गेलं की वारा अडतो आणि डिझेल वाचतं, असं सांगणारे भेटतील. वारा अडतो हे खरं. पण पुढचा खड्डा दिसत नाही, ट्रकचा लाल दिवा लागेपर्यंत काही कळत नाही, आणि प्रत्येक दिव्याला तुम्हालाही ब्रेक मारावा लागतो. जिवाचा धोका वेगळाच. मी चार सेकंदांचं अंतर ठेवतो. पुढचा ट्रक एखाद्या खांबाजवळून गेला की मनात मोजायचं, चार म्हणेपर्यंत आपण त्या खांबाशी पोचता कामा नये.

मोकळ्या हायवेवर मात्र हिशेब बदलतो. तिथे ब्रेकपेक्षा वारा जास्त खातो. तुमची गाडी म्हणजे दोन मीटर रुंद आणि अडीच मीटरहून उंच भिंत आहे, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ७० वरून ८५ वर गेलात तर तो जवळपास दीडपट होतो. ८० वरून १०० वर गेलात तर दीडपटीच्याही पुढे. ३०० किलोमीटरला ८५ ऐवजी ७० ने गेलात तर पाऊण तास जास्त लागतो. हा पाऊण तास तुम्हाला पठारावर कुठेही मिळेल: एक चहाचा थांबा कमी करा किंवा पहाटे लवकर निघा. मी स्वतः कॅम्पर ७० ते ७५ मध्ये ठेवतो, डाव्या लेनमध्ये. ट्रकही त्याच वेगाने जात असतात, त्यामुळे कोणाला अडथळा होत नाही. वेग एकसारखा ठेवायचा म्हणजे काटा एकाच आकड्यावर खिळवायचा असं नव्हे. लहान चढ आला तर ७० चा ६५ होऊ द्या, पलीकडच्या उतारावर तो आपोआप ७५ होतो. चढावर वेग टिकवण्यासाठी पाय खाली दाबत राहणं हीच चूक हौशी चालक सर्वांत जास्त करतात.

छतावरच्या कॅरिअरचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते काढा. सायकली आणि खुर्च्या बांधलेलं कॅरिअर तर खातंच, पण रिकामं कॅरिअरही वाऱ्यात उभं असतं. लोकांना सामानाच्या वजनाची फार काळजी वाटते, पण माझ्या अनुभवात छतावरची एक भरलेली लोखंडी जाळी गाडीच्या आतल्या दोनशे किलोंपेक्षा जास्त डिझेल मागते. सामान आत घ्या, खाली ठेवा, जड वस्तू मागच्या आणि पुढच्या चाकांच्या मध्ये.

वजन कमी करू नये असं माझं म्हणणं नाही. फक्त त्याची जागा ओळखावी. सपाट रस्त्यावर दोनशे किलो जास्तीचे असले तर शंभर किलोमीटरला पावशेर डिझेलही जास्त लागत नाही. वजन बोलतं ते घाटात, ब्रेकवर आणि टायरवर. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, ते फोंड्यात भरून अनमोड चढवण्यात अर्थ नाही, वीस लिटर घ्या आणि मुक्कामाच्या गावात भरा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर लोखंडासकट ३० किलोच्या आसपास जातो, दोघांना छोटा पुरतो. इन्व्हर्टरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या शंभर किलोच्या पुढे. आणि सुताराने हौसेने वापरलेलं १९ मिलिमीटरचं प्लाय, आठ बाय चारची एक शीट साधारण ३५ किलो. निघण्याआधी एकदा गाडी भरलेल्या अवस्थेत वजनकाट्यावर घाला, आमच्याकडे साखळी-डिचोलीच्या खाणपट्ट्यात काटे सापडतात. आरसी बुकात लिहिलेल्या एकूण वजनाशी ताडून बघा. त्याच्या वर असाल तर डिझेलचा विचार बाजूला ठेवून आधी सामान उतरवा.

आता घाट, कारण गोव्यातून पूर्वेला कुठेही जायचं म्हणजे घाट चुकत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवर आहे. साडेतीन टनांची गाडी किनाऱ्यावरून तिथवर नुसती उचलायलाच दोन लिटरच्या आसपास डिझेल लागतं, मग तुम्ही कितीही चांगले चालक असा. म्हणून घाटाच्या दिवशी अ‍ॅव्हरेज पडलं तर घाबरू नका. अनमोडला तुमची उंची याच्याच जवळपास जाईल. वाचवायचं ते या दोन लिटरांच्या वर जे जातं त्यातलं. या जातीच्या टर्बो डिझेल इंजिनाची खरी ओढ मिनिटाला १४०० ते २२०० फेऱ्यांच्या मध्ये असते. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्या, काटा त्या पट्ट्यात ठेवा आणि वेग पडतोय तेवढा पडू द्या. टॉप गिअरमध्ये हजाराच्या खाली इंजिन थरथरत चढवणं आणि दुसऱ्यात तीन हजारांवर किंचाळवणं, दोन्ही सारखंच वाईट. समोर कोळशाचा किंवा लोखंडाचा ट्रक रांगत असेल तर त्याच्या शेपटीला लागून हाफ क्लचवर खेळत बसू नका. मागे शंभर मीटर राहा आणि तुमची गाडी पहिल्या-दुसऱ्यात स्वतःच्या चालीने चढू द्या. घाटाच्या पायथ्याचं मोले गाव सोडण्याची वेळ मी शक्यतो पहाटेची धरतो. पावसाळ्यात दरड किंवा रस्ता खचल्यामुळे अनमोड बंद असू शकतो, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करा. चोर्ल्याचा रस्ता आहेच, पण त्याची वळणं आणि अरुंदपणा कॅम्परला जास्त दमवतात.

उतारावर न्यूट्रल. हा प्रश्न तुम्ही विचारलात त्याचं मला बरं वाटलं, कारण न विचारता करणारेच जास्त असतात. उत्तर: कधीच नाही. आणि त्याने डिझेलही वाचत नाही. तुमचं कॉमन रेल इंजिन आहे, म्हणजे डिझेल किती सोडायचं ते कंप्युटर ठरवतो. गाडी गिअरमध्ये असताना एक्सलेटरवरून पाय पूर्ण काढला की चाकं इंजिनाला फिरवतात आणि कंप्युटर इंजेक्टर, म्हणजे डिझेलची फवारणी, बंद करतो. त्या वेळी डिझेल शून्य. न्यूट्रल केलंत की चाकांचा संबंध तुटतो, मग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला आयडलचं डिझेल द्यावंच लागतं. जुन्या पंपाच्या गाड्यांच्या काळातली ही सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

मलाही ती होती. २००९ च्या मे महिन्यात अनमोडहून मोल्याकडे उतरत होतो, गाडीत तेरा माणसं. वरच्या टप्प्यात न्यूट्रल टाकलं, वळणावळणाला ब्रेक. अर्ध्यावर आलो तेव्हा जळक्या रबरासारखा वास आला. मागच्या सीटवरच्या एका आजींनी विचारलं, काय जळतंय रे? पुढच्या वळणावर पेडल दाबलं तर ते उशीत पाय घातल्यासारखं खाली गेलं आणि गाडीचा वेग जरासुद्धा कमी झाला नाही. दुसरा गिअर पडेना. क्लच पुन्हा मारून, इंजिन रेस करून तो कसाबसा घुसवला, हँडब्रेक थोडा-थोडा ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात डावी चाकं उतरवून गाडी थांबवली. कुणाला खरचटलंही नाही. ते माझं कौशल्य नव्हतं, ती जागा दरीच्या बाजूची नव्हती एवढंच. पुढच्या चाकांवर पाणी शिंपडायला गेलेल्या माणसाला मी ओरडून थांबवलं, कारण तापलेल्या डिस्कवर पाणी पडलं की ती तडकते. पाऊण तास आम्ही तिथे बसलो. त्या दिवसापासून उतारावर माझा हात न्यूट्रलकडे गेलेला नाही. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, आणि ब्रेक लागलाच तर एकदा ठाम दाबून वेग उतरवा व सोडा, पाय सतत ठेवून घासत येऊ नका. आणखी एक, ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं आणि आपल्याकडच्या दमट हवेत लवकर ओढतं. ओल धरलेलं ऑइल तापलं की उकळतं आणि पेडल तसंच उशीसारखं होतं. दोन वर्षांनी ते बदलाच. सेकंडहँड गाडी आहे, शेवटचं कधी बदललं याचा कागद नसेल तर कन्याकुमारीआधी बदला.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट तुमच्या आठच्या अ‍ॅव्हरेजमागे असू शकते, म्हणून सविस्तर सांगतो. आपल्याकडे गाडी पावसाळाभर उभी राहिली, तीही किनाऱ्याजवळ, की खाऱ्या हवेने कॅलिपरच्या (ब्रेकपॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजतात आणि ब्रेक पूर्ण सुटत नाही. गाडी चालते, आवाज नसतो, फक्त एक चाक कायम थोडंसं धरलेलं. माझ्या ओळखीच्या एकाने इंजेक्टर काढून तपासण्यात भरपूर पैसे घालवले आणि दोष मागच्या डाव्या चाकात निघाला. तपासायला काही लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर वीस किलोमीटर जा, शेवटचे दोन किलोमीटर ब्रेक जवळजवळ न वापरता, आणि गाडी हळूहळू आपसूक थांबू द्या. खाली उतरून तळहाताची मागची बाजू प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ न्या, लावू नका. तीन चाकं कोमट आणि एक भट्टीसारखं लागलं तर चोर सापडला. मग सपाट जागी हँडब्रेक सोडून दोघा-तिघांनी ढकलून बघा, निरोगी गाडी हलकेच सरकायला हवी.

टायरमधली हवा याच यादीत येते. दारावरच्या स्टिकरवर पुढची-मागची वेगळी लिहिलेली असते, ती पाळा, पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. लोड टायरला कारसारखी पस्तीस हवा भरून देणारे भेटतात. तपासायची सकाळी, गाडी निघण्याआधी. चालून गरम झाल्यावर प्रेशर वाढलेलं दिसतं, ते बरोबर असतं, तेव्हा हवा सोडू नका. एअर फिल्टरही उघडून बघा. डिचोली-सत्तरीच्या खाणीच्या रस्त्यांवरून फिरलेल्या गाड्यांचे फिल्टर मी विटांसारखे लाल झालेले पाहिलेत. तुमची गाडी कुठे फिरलेली आहे, कुणास ठाऊक. बाकी डिझेलमध्ये घालायची औषधं, पाइपला बांधायची चुंबकं, यांवर पैसे घालवू नका.

टाकी अर्धी ठेवण्याचा सल्ला चुकीचा आहे. ७० लिटर डिझेल म्हणजे ५८ किलो. अर्धी ठेवून २९ किलो वाचवाल, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, आणि त्यापायी चुकीच्या ठिकाणी पंप शोधत फिराल. बांदा-सावंतवाडीची माणसं सीमेवरच्या पत्रादेवीला येऊन टाक्या भरून नेतात ती उगाच नाही, आपल्याकडचा दर महाराष्ट्रापेक्षा कमी असतो. निघताना फुल करून निघा. सकाळी थंडीत भरलं की जास्त मिळतं हेही ऐकलं असेल. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसात फारसं हलत नाही. ज्या वेळी पंपावर गर्दी नाही ती वेळ चांगली.

एसी. गावात, थांबत-चालत असताना चढ नसेल आणि हवा बरी असेल तर खिडक्या उघडा. हायवेवर वहिनींना त्रास होत असेल तर खुशाल लावा, उन्हात थकलेला चालक चुका करतो आणि त्या डिझेलपेक्षा महाग पडतात. घाटाच्या कठीण चढावर दहा मिनिटं बंद ठेवा. खिडकी उघडी ठेवली की वाऱ्याचा विरोध वाढतो हे सेडानला जास्त लागू आहे, आपली पेटी आधीच वारा अडवते. खरा तोटा होतो थांबलेल्या गाडीत. तुमचं इंजिन आयडलवर तासाला पाऊण ते एक लिटर खातं, एसीसकट त्याहून जास्त. म्हणजे इंजिन चालू ठेवून रात्री झोपलात तर एका रात्रीत आठ लिटर. डिझेल सोडा, इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका. एक्झॉस्टची गळती असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही. छतावर पंखा बसवा आणि गाडी सावलीत लावा. आंब्याखाली, फणसाखाली चालेल, माडाखाली नको, नारळ काच बघून पडत नाही.

वारा कुठल्या बाजूने आहे याचाही विचार करा. पाऊस रेंगाळत असेपर्यंत पठारावर पश्चिमेचा जोर असतो. अनमोड चढून हुबळीकडे जाताना तो पाठीशी असतो, चित्रदुर्गला डोंगरांवर पवनचक्क्या दिसतील, तिथे तो बाजूने मारतो, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा. तिरुनेलवेली सोडून नागरकोइलकडे निघालात की मुप्पंदलला पवनचक्क्यांचं रानच लागतं. खिंडीतून येणारा तो वारा समोरून असतो. ७० ने चालताना समोरून २० चा वारा म्हणजे गाडीच्या दृष्टीने ९० चा वेग, विरोध दीडपटीहून जास्त. अशा वेळी मी ६० वर येतो आणि सकाळी, वारा उठायच्या आत तो पट्टा काढतो. किनाऱ्याने परत येताना दुपारनंतर समुद्राचा वारा आडवा असतो, त्याची तीव्रता पुलांवर कळते.

गावात पोचल्यावरचं डिझेल लोक मोजतच नाहीत. अंधार पडल्यावर मुक्कामाची जागा शोधत पाच-पाच किलोमीटर पहिल्या-दुसऱ्यात फिरणं, मॅपने दाखवलेल्या शॉर्टकटने वाड्यात शिरणं, दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या भिंती आणि वर फणसाची फांदी, आणि मग दोनशे मीटर रिव्हर्स. जागा दिवसाउजेडी ठरवा आणि संध्याकाळी पाचपर्यंत पोचा. एकदा लावली की गाडी हलवू नका. दूध-भाजीला थंड इंजिन सुरू करून तीन किलोमीटर जाणं हे सर्वांत महाग डिझेल. आपल्याकडे असाल तर पायलट (मोटरसायकल टॅक्सी) करा, कदंबच्या बसने जा, दुसरीकडे रिक्षा आहे. आणि कुठलाही किनारा दिसला म्हणून चाकं वाळूत घालू नका. गोव्यात ते बेकायदेशीर आहे, शिवाय रुतलेली कॅम्पर काढण्यात क्लच जातो.

तुमची गाडी बीएस-सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची, असेल तर एक जपा. धुराच्या फिल्टरची सफाई चालू असल्याचा दिवा लागला तर मध्येच इंजिन बंद करू नका, पंधरा-वीस मिनिटं एकसारखं चालवत राहा. सतत छोट्या फेऱ्या मारल्या की ती सफाई अर्धवट राहते आणि डिझेल वाढतं.

या आठवड्यात एवढं करा. चाकं हाताने तपासा, हवा भरा, कॅरिअर उतरवा, टाकी फुल करा आणि पहाटे साडेपाचला फोंड्याहून निघून पत्रादेवीपर्यंत जाऊन या, ७० च्या वर न जाता. जाताना पर्वरी सात वाजायच्या आत, गर्दीआधी ओलांडली पाहिजे, नाहीतर मोजमाप बिघडेल. परत आलात की त्याच मशीनवर टाकी भरा. हा आकडा कच्चाच धरा, खरा दोन टाक्यांनी कळेल. लिटर, किलोमीटर आणि साखरेचा डबा किती वेळा आदळला, हे तीन आकडे मला कळवा. नऊच्या खाली असेल तर गाडी डिचोलीला घेऊन या, आपण दोघं मिळून मागची चाकं उघडू.